साडभाऊची इंग्रजी गाणी

जगात कुठेही एखादं इंग्रजी गाणं तयार व्हायचं झालं, तर गाणारा आधी माझ्या साडभाऊची परवानगी घेतो आणि मगच तोंड उघडतो, अशी माझ्या सासुरवाडीची पक्की समजूत होती. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ही समजूत त्यानं स्वतः करून दिली असं मी म्हणणार नाही. त्यानं ती कधी खोडून काढली नाही, एवढंच. कोणत्या गाण्याच्या वेळी गायक सर्दीनं बेजार होता, कोणत्या बँडमधल्या दोघांचं आपसात पटत नव्हतं म्हणून एक डाव्या टोकाला आणि दुसरा उजव्या टोकाला उभा आहे, कोणत्या गाण्यात मागून जाणारं कुत्रं न बोलावता आलेलं होतं आणि पुढे गायकापेक्षा त्याचंच कौतुक जास्त झालं, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्या गाण्यांची आणि गाणाऱ्यांची नावं मी इथं लिहीत नाही. एक तर मला ती अजूनही धड उच्चारता येत नाहीत, आणि दुसरं म्हणजे लिहिली आणि कुठून त्याच्या वाचनात आली, तर त्याला आनंद होईल. तेवढी माझी तयारी नाही.

तो घरात यायच्या आधी नागपूरच्या महाल भागातल्या त्या घराचा जावई मी एकटा होतो. मी गांधीबागेतला कापडवाला. वडलांचं आयुष्य उमरेडला हातमागावर गेलं, मी दुकानाच्या गादीवर चढलो आणि सुताच्या नंबरात बुडालो. पण थोरला जावई म्हणून माझा रुबाब होता. मी दारात दिसलो की सासरे बनियनवर सदरा चढवायचे, सासूबाई वांग्याच्या भाजीत तेल मोकळ्या हातानं सोडायच्या, आणि मी यंदा लुगड्यांचा बाजार कसा आहे ते सांगायला लागलो की सगळे माना डोलवायचे. आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, त्या माना झोपेनं डोलत असाव्यात. पण डोलत होत्या ना! मग धाकटीचं लग्न झालं आणि पहिल्याच दिवाळीला हा नवा जावई कानाखाली उतरलेले कल्ले आणि फुलपात्रासारखी खाली रुंद होत गेलेली पँट घेऊन आला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तसं त्यानं बोट वर केलं. "थांबा, थांबा! हाच सूर!" अमुक गाण्याच्या सुरुवातीला अगदी हाच सूर आहे, आणि तो कुठल्या वाद्याचा नाही, स्टुडिओखालच्या चहावाल्याच्या किटलीचा आहे, असं त्यानं सांगितलं. सासूबाई गॅस बंद करायच्या विसरून ऐकत उभ्या राहिल्या. वरण लागलं. ते लागलेलं वरण कुणाच्या पानात पडलं असेल हे मी सांगायची गरज नाही.

तो औषध कंपनीचा एमआर होता. हातात जाड चामड्याची बॅग, गळ्यात टाय, आणि नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा पायात चकचकीत बूट. धंतोलीतल्या दवाखान्यांत बाकीचे एमआर ताटकळत बसलेले असायचे आणि याला मात्र कंपाउंडर स्वतः बाहेर येऊन आत न्यायचा, कारण डॉक्टरसाहेबांना मागच्या वेळची अर्धी राहिलेली गोष्ट ऐकायची असायची. एकदा कंबर धरली म्हणून मी अशाच एका दवाखान्यात बाकावर बसलो होतो. माझा नंबर आला आणि नेमका हा आत शिरला. दाराच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं. "डॉक्टरसाहेब, त्या गाण्यात तो शेवटी लंगडत जाते ना, ते अॅक्टिंग नोहे. बूट चावून राहिला होता त्याले. नवा कोरा बूट!" आत डॉक्टर हसून हसून टेबल बडवत होते आणि बाहेर माझी कंबर बाकाला चिकटत चालली होती. बाहेर आल्यावर त्यानं मला पाहिलं आणि कळवळून म्हणाला, "अरे भाऊ, तुम्ही कायले बसून राहिले इथं? मले सांगाचं ना!" आणि हाताला धरून मला खरोखरच आत घेऊन गेला. तपासता तपासता डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही यांचे साडू का? नशीबवान आहात." औषधानं गुण आला. तरी मी ते अर्धंच घेतलं.

सावजीच्या हॉटेलात त्याच्यासोबत जेवणं हा तर छळ होता. रस्सा असा जाळ की बोलायची सोय नाही. बाकीचे लोक नाक पुसत, पाणी पीत, हायहुय करत जेवतात. याच्या नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून माहिती. "भाऊ, त्या रडक्या गाण्यात त्याच्या डोळ्यात पाणी हाय ना, ते ग्लिसरीन नोहे. शेजारच्या हॉटेलात मिरच्या भाजून राहिले होते." मी म्हटलं, "लंडनात मिरच्या कोण भाजते?" मला वाटलं, आता सापडला. तो क्षणभरही थांबला नाही. "आपलाच कोणीतरी असन," म्हणाला. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक हातातली भाकर तशीच धरून त्याच्याकडे बघायला लागले. नागपूरच्या माणसानं एका गोऱ्या गायकाला रडवलं याचा त्यांना इतका अभिमान वाटला की मालकानं आम्हाला वरून रस्सा वाढला. मला नको होता, पण वाढला.

हे सगळं मी गिळलं असतं. सासऱ्यांचा सदरा गेला, भाजीतलं तेल गेलं, जाऊ द्या. पण त्यानं माझी चारू नेली, ते मला गिळवेना. चारू म्हणजे माझी एकुलती एक लेक. शनिवारी शाळा लवकर सुटायची आणि ती दप्तर घेऊन सरळ गांधीबागेत दुकानात यायची. गादीवर मांडी घालून बसायची, डोळे मिटायची, आणि मी तिच्या हातात कापडाचं टोक द्यायचो. बोटांनी चाचपून ती सांगायची, हे पॉपलीन, हे मांजरपाट, हे उमरेडचं. गिऱ्हाइकं थक्क व्हायची आणि मी उगाच पान तोंडात टाकून दुसरीकडे बघायचो, जणू आमच्या घरात हे रोजचंच. साडभाऊनं धंतोलीत घर केलं आणि चारूचे शनिवार तिकडे वळले. "आज दुकानात येते का वं?" मी विचारायचो. "आज मावसाजी नवीन गाण्याचं सांगणार हाय," ती म्हणायची. जेवायला बसली की तिचं प्रत्येक वाक्य 'मावसाजी म्हणते' असं सुरू व्हायचं. एकदा मी मुद्दाम सुताची एक गोष्ट काढली, चांगली होती गोष्ट, तर तिनं शेवटपर्यंत ऐकली आणि "हो बाबा," म्हणाली. इतकं सभ्य उत्तर मला उधारी मागायला गेल्यावर कुणी दिलं नव्हतं. मग मी सीताबर्डीच्या फूटपाथवरून एक जुनं इंग्रजी मासिक आणलं, डिक्शनरी घेऊन त्यातली एका बँडची हकीकत पाठ केली, आणि रात्रीच्या जेवणाला म्हणून दाखवली. चारू जेवायची थांबली. मला वाटलं, जमलं. ती म्हणाली, "बाबा, हे सांगताना तुम्ही वर काहून पाहून राहिले?"

अशात साडभाऊच्या चुलतभावानं टोरांटोहून एक व्हिडिओ कॅसेट पाठवली. कॅसेटभर इंग्रजी गाणी, तिकडच्या टीव्हीवरून उतरवून घेतलेली. आजवर साडभाऊची सारी माहिती रेडिओ, मासिकं आणि त्याचं स्वतःचं डोकं यांच्यातून येत होती. गाणं डोळ्यांनी त्यानंही पाहिलं नव्हतं. सीताबर्डीहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला, सायकल रिक्षातून महालात आला, आणि अख्खी गल्ली सासऱ्यांच्या बैठकीत कोंबली गेली. आधी हिंदी सिनेमा लावला. तो झकास दिसला. मग टोरांटोची कॅसेट आत गेली. आवाज उत्तम. पण पडद्याच्या मधोमध एक काळा पट्टा, पट्ट्याच्या वर माणसाचे पाय आणि पट्ट्याच्या खाली त्याचं डोकं. रंग पार गायब. सासऱ्यांनी उठून टीव्हीला दोन चापट्या मारल्या. पुन्हा सिनेमा लावून पाहिला, सरळ. पुन्हा गाणं लावलं, पाय वर. म्हणजे मशीन ठणठणीत होतं, टीव्ही ठणठणीत होता, आणि गाणंच तसं होतं. सगळ्यांनी साडभाऊकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. मी जरा पुढे सरकून बसलो.

"बाप्पा!" तो हळूच म्हणाला. "हे मी फक्त ऐकून होतो. उलटी फ्रेम!" आणि मग त्याची गाडी जी सुटली ती सुटलीच. तिकडे म्हणे आता अशीच पद्धत निघाली आहे. गायक म्हणतो, माणूस कुठून चालत आला ते पहिले पाहा, चेहरा मंग पाहा. सासरे म्हणाले, "विचार चांगला हाय." रंग नाही, कारण गाणं दुःखाचं आहे. पुढच्याच गाण्यात पोरंपोरी बेभान नाचत होती आणि तिथंही रंग नव्हता, तर हे म्हणे आतलं दुःख. पुढचे कित्येक महिने ती कॅसेट नागपूरभर फिरली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी पाहिली, त्यांच्या बायकांनी पाहिली, आणि 'उलटी फ्रेम' हा शब्द लोक पानठेल्यावर वापरायला लागले. चारूनं शाळेत 'माझे कुटुंब' असं चित्र काढलं. त्यात मावसाजींचे पाय वर होते, मावशीचे वर होते, तिचे स्वतःचे वर होते. माझे खाली. "तुमचे साधेच ठेवले बाबा," ती मला समजावत म्हणाली. चित्राला शाळेत बक्षीस मिळालं.

आणि मग देवाला माझी दया आली. सीताबर्डीत एक टीव्ही दुरुस्त करणारा माझं गिऱ्हाईक होता. सहज बोलता बोलता मी त्याला हे सांगितलं, तर तो हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून हसायला लागला. "भाऊ, तिकडच्या टीव्हीची पद्धतच अलग राहते. तिकडची कॅसेट आपल्या मशीनवर लावली का असंच दिसते. दोन्ही पद्धतीचं मशीन आणा, सरळ दिसन, रंगीत दिसन." उलटी नाही, सुलटी नाही, फ्रेमच नाही! मी दुकानात परत आलो आणि ज्याला गरज नव्हती त्यालाही चहा पाजला. दुबईहून आलेल्या एका ओळखीच्याकडे तसलं मशीन होतं. ते मी तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो त्यासाठी, मागून घेतलं, कारण त्या दिवशी सगळं खटलं महालात जमायचं. मला फक्त एवढंच हवं होतं की चारूनं समोर बसून ते पाहावं.

त्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत निघते. पिवळी मारबत, काळी मारबत असे दोन मोठाले पुतळे, मागे लोकांचा लोंढा, आणि ज्याला जे नकोसं झालं असेल ते तो ओरडून तिच्यासोबत गावाबाहेर पाठवतो. चारूला घेऊन मी दुकानाच्या ओट्यावर उभा होतो. लोक ओरडत होते, खासी खोकला घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत! माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, मीही हात वर करून ओरडलो, "इंग्रजी गाण्यावाला साडभाऊ घेऊन जा गे मारबत!" शेजारचे दुकानदार खो-खो हसले. चारू हसली नाही. "मावसाजीले काहून?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "गंमत वं." ती म्हणाली, "मावसाजी तर तुमच्याबद्दल कधीच असं नाही म्हणत." हेच तर त्याचं वाईट होतं. माझ्याबद्दल तो एक वावगा शब्द काढायचा नाही, मग माणसानं चिडावं तरी कशाच्या आधारावर? महालात पोचेपर्यंत ती माझ्यापुढे चार पावलं चालत होती.

दुपारी पोरं लाकडी बैल मिरवून आली, जेवणं झाली, आणि मी मशीन लावलं. छोटंसं भाषणही केलं, की आज तुम्हाला खरं काय ते दिसेल. साडभाऊ पुढे बसला होता आणि चारू त्याच्या बाजूला. चित्र आलं. लख्ख. रंगीत. डोकं वर, पाय खाली. स्वेटर घातलेला एक गोरा माणूस भिंतीपाशी उभा राहून गात होता. मग तो दुसऱ्या भिंतीपाशी गेला आणि तिथं गायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "इतकंच?" सासरे म्हणाले, "हे मशीन बिघडलं वाटते." मागून कुणीतरी म्हणालं, "पहिलेवालं लावा ना भाऊ, ते चांगलं होतं." मी जीव तोडून सांगत होतो, की हेच खरं आहे, ते सगळं मशीनमुळे दिसत होतं! कुणाचं लक्ष नव्हतं. कारण साडभाऊ गुडघ्यांवर टीव्हीपुढे सरकला होता, पडद्याला नाक लागेल इतका. "निळा हाय," तो म्हणाला. "स्वेटर निळा हाय भाऊ! आणि मी लोकायले राखाडी सांगून राहिलो!" मग तो वळला. डोळ्यांत पाणी होतं आणि आसपास कुणी मिरच्या भाजत नव्हतं. त्यानं माझे दोन्ही हात धरले. "हे मशीन तुम्ही माझ्यासाठी आणलं?"

आता अशा वेळी माणूस काय म्हणेल? मी "हो" म्हणालो. तो उठून उभा राहिला आणि भरल्या बैठकीत म्हणाला, "ऐका सगळे. मी आजवर जे पाय वर, डोकं खाली सांगितलं, ते साफ चूक होतं. उलटी फ्रेम-बिरेम काही नसते. बरोबर ते भाऊनं दाखवलं." जे वाक्य त्याच्याकडून काढून घ्यायला मी इतका खटाटोप केला, ते त्यानं असं हसत हसत देऊन टाकलं. आणि झालं काय? सासऱ्यांनी मान हलवली आणि शेजाऱ्याच्या कानात, पण मला ऐकू जाईल असं, म्हणाले, "मोठ्या मनाचा हाय पोरगा. थोरल्याचा मान ठेवून राहिला." कुणी, एकानंही, विश्वास ठेवला नाही! चारू त्याच्याकडे बघत होती. अशी नजर मी तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी शोधत होतो, आणि ती मी तिथं मशीन नेऊन, वायरी जोडून, त्याला मिळवून दिली होती.

मारबतीनं मात्र माझं ऐकलं. वर्ष संपायच्या आत त्याला बढती मिळाली आणि इंदूरला जावं लागलं. बस स्टँडवर त्याच्या पेट्या मीच टपावर चढवल्या. चारू रडत होती, मेव्हणी रडत होती, सासूबाई रडत होत्या, आणि हा खिडकीतून सांगत होता की अमुक गाण्यात जी बस दिसते तिचा ड्रायव्हर मुळात त्या गाण्याचा ढोलकवाला होता. बस हलली तरी त्याचं तोंड हलतच होतं. घरी येताना मला हलकं वाटलं, हे मी लपवत नाही. शनिवार मोकळे झाले होते. चारू मात्र आता दुकानात यायच्या वयाची राहिली नव्हती. शाळेतून आली की पुस्तक घेऊन खोलीत जायची, आणि कसली गोष्ट सांगायला माझ्याकडे यायची नाही, तशी कुणाकडेच जायची नाही.

मग एका संध्याकाळी टीव्हीवर परदेशी गाण्यांचा कार्यक्रम लागला. तोपर्यंत आमच्या घरी टीव्ही आला होता. चारू खोलीतून बाहेर आली आणि माझ्या बाजूला सतरंजीवर बसली. गाणं सुरू झालं, स्वच्छ, रंगीत, सगळं जागच्या जागी. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की ती गाण्याकडे बघत नाहीये, माझ्याकडे बघते आहे. ती वाट पाहत होती. मी डोकं खाजवलं, घसा साफ केला. "आवाज चांगला आहे," मी म्हणालो. ती "हं" म्हणाली आणि टीव्हीकडे वळली. इतकी वर्षं मला हवं होतं ते हेच तर होतं. ती, मी, आणि मधे तो नाही. आणि त्या माणसाचा जितका हेवा मला त्या संध्याकाळी वाटला, तितका तो समोर असताना कधी वाटला नव्हता. इंदुरात बसून तो माझ्या घरातली जागा अडवत होता, आणि मला ती भरता येत नव्हती. अरे, असतास तर बोलला तरी असतास, असं मी मनात त्याला म्हणालो.

चारू माझ्याकडे सरकली. "बाबा, तो मागं ड्रम वाजवते ना, त्याचं त्याच दिवशी लग्न होतं."

"कोणी सांगितलं तुले?"

"कोणीच नाही. पाहा ना, कसा सारखा दाराकडे पाहून राहिला."

मी पाहिलं. खरंच पाहत होता.

"नवरी तिकडे तयार होऊन बसली हाय," चारू म्हणाली, "वऱ्हाडी उपाशी बसले हाय, आणि डायरेक्टर म्हणते, अजून एक बार वाजव."

बोलायची ढब, मधेच थांबणं, बोट वर करणं, सगळं त्या लेकाच्या साडभाऊचं होतं. पण सांगत ती मला होती. मी टीव्हीचा आवाज जरा कमी केला आणि तिच्याकडे तोंड करून बसलो.

"अरे बाप्पा," मी म्हणालो. "मंग? लागलं का नाही त्याचं लग्न?"